सातासमुद्रांपलीकडे : मेणाची बाहुली

पाहुणे जेवून उठले, पानसुपारी झाली, कीं बैठकींतून माजघराकडे हांक जाते : "अगं, धाकटीला बाहेर पाठव, एक गाणें म्हणूं दे." धाकटी परकराचें टोंक बोटाला गुंडाळीत येते, भिंतीकडे पाहत एकदोन पदें म्हणते, आणि वडील मंडळी कौतुकानें माना डोलावतात. त्या पदांचा अर्थ तिला कळतो कीं नाहीं, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. शब्द घरांतले, ऐकणारेही घरचेच. तेव्हां भय तें कसलें? परंतु हीच हांक बैठकीऐवजीं अर्ध्या युरोपास दिसणाऱ्या रंगमंचावरून आली, आणि मुलीच्या मुखीं घातलेले शब्द परक्याच्या लेखणींतले असले, तर काय काय घडूं शकतें हें फ्रान्समधील एका गायिकेच्या चरित्रांत पाहावयास मिळतें. ह्या महिन्यांत तिचीच हकीकत सांगावयाची आहे.

तिचें नांव फ्रान्स गाल. हें नांव आईबापांनीं ठेवलेलें नव्हे. ९ ऑक्टोबर १९४७ रोजीं पॅरिस शहरीं ती जन्मास आली तेव्हां तिचें नांव इझाबेल असें होतें. तिचे वडील रोबेर गाल हे आरंभीं गायक व पुढें पद्यकार म्हणून प्रसिद्धीस आले. एडित पियाफ, शार्ल अझ्नावूर अशा नामवंतांसाठीं त्यांनीं पदें रचलीं. मरणोन्मुख मातेच्या शय्येभोवतीं जमलेल्या कुटुंबाचें चित्र रंगविणारें अझ्नावूर ह्यांचें "ला मामा" हें गाजलेलें गाणें त्यांच्याच लेखणीचें. मातामह पोल बेर्तिये हे ऑर्गनवादक असून "लाकडी क्रुसाचे बालगायक" ह्या नांवाच्या विख्यात बालगायकवृंदाच्या संस्थापकांपैकीं एक होते. मामा झाक बेर्तिये ह्यांनीं तेझे येथील ख्रिस्ती मठासाठीं रचलेलीं प्रार्थनागीतें तर आज निरनिराळ्या देशांतील चर्चमधून गाइलीं जातात. म्हणजे आपल्या भाषेंत सांगावयाचें तर गाणें तिला माहेर आणि आजोळ अशा दोन्ही कुळांकडून मिळालें होतें. घरांत तिच्याहून वडील असे दोन जुळे भाऊ होते. तिचें शाळेंत मात्र लक्ष लागेना. परीक्षेंत अपयश येऊं लागलें. तेव्हां वडिलांनीं १९६३ सालीं तिचीं कांहीं गाणीं ध्वनिमुद्रित करून घेतलीं आणि देनी बूर्झ्वा नांवाच्या संगीत-प्रकाशकाकडे धाडलीं. पॅरिसच्या शांझेलिझे नाट्यगृहांत तिची परीक्षा झाली, ती पसंत पडली, आणि फिलिप्स कंपनीशीं करार होऊन गेला. तिच्या सोळाव्या वाढदिवशींच पहिलें गाणें नभोवाणीवर लागलें.

इझाबेल ओब्रे ह्या नांवाची एक गायिका त्या वेळीं आधींच लोकप्रिय झालेली होती. दोन इझाबेल नकोत म्हणून धंद्यांतल्या जाणत्यांनीं ह्या मुलीचें बारसें पुन्हां केलें आणि तिला देशाचेंच नांव देऊन टाकलें. तिला स्वतःला हें नांव रुचलें नव्हतें. पण सोळा वर्षांच्या मुलीस विचारतो कोण?

तो काळ फ्रान्समध्यें "येय्ये" नांवाच्या गाण्याच्या लाटेचा होता. इंग्रजी गाण्यांतला "होय, होय" असा हेल फ्रेंच तरुणांनीं उचलला, आणि त्या हेलाचेंच नांव सबंध तऱ्हेस पडलें. दुपारीं शाळा सुटल्यावर मुलें नभोवाणीपुढें बसत आणि आपल्याच वयाच्या मुलामुलींचे आवाज ऐकत. गाणारीं मुलें असलीं तरी गाणीं लिहिणारे, चाली बांधणारे आणि तबकड्या विकणारे हे बहुतेक प्रौढ पुरुष होते, ही गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

अशांपैकींच एक सेर्ज गेन्सबूर. १९२८ सालीं जन्मलेला हा गृहस्थ शब्दांवर विलक्षण प्रभुत्व असलेला, जाणकारांनीं वाखाणलेला, परंतु तबकड्यांच्या खपाच्या बाबतींत मागें पडलेला असा होता. प्रकाशक बूर्झ्वा ह्यांनीं त्याची आणि ह्या मुलीची गांठ घालून दिली. त्यानें तिच्यासाठीं १९६४ पासून गाणीं लिहिलीं, तीं लोकांस आवडलीं, आणि दोघांचेंही दैव फळफळलें. त्याच वर्षीं वडिलांनींही एक गाणें रचलें : शाळा काढून मुलांच्या पाठीमागें अभ्यासाचें लचांड लावणाऱ्या शार्लमान्य राजाला लटका दोष देणारें. तिला तें बाळबोध वाटलें, म्हणावयाचेंच नव्हतें. वडिलांच्या आणि कंपनीच्या आग्रहापुढें तिचें कांहीं चाललें नाहीं. गाणें अफाट खपलें, मुलांच्या तोंडीं बसलें. आणि जाणत्यांचें म्हणणें ऐकलें कीं यश येतें, असा धडा तिला मिळाला. तो धडा किती महाग पडणार होता हें तेव्हां कोणाच्या ध्यानीं आलें नसावें.

२० मार्च १९६५ रोजीं इटलींतील नेपल्स येथें युरोव्हिजनची गीतस्पर्धा भरली. एकंदर अठरा देश त्यांत उतरले होते. फ्रान्स गाल उतरली ती फ्रान्सतर्फे नव्हे, चिमुकल्या लक्झेंबर्गतर्फे ! गेन्सबूरचें गाणें होतें "पूपे द सीर, पूपे द सों". नांवाचा अर्थ पाहण्यासारखा आहे. पहिला भाग म्हणजे मेणाची बाहुली. दुसऱ्या भागांतला "सों" हा शब्द फ्रेंचमध्यें द्व्यर्थी. त्याचा एक अर्थ कोंडा, आणि दुसरा नाद. म्हणजे कोंडा भरलेली बाहुली म्हणा, कीं नादाची बाहुली म्हणा. प्रेमाचा अनुभव नसतां प्रेमाचीं गाणीं गात सुटलेल्या मुलीचें तें मनोगत आहे; आणि तें लिहून गेन्सबूरनें अशाच एका मुलीकडून गाऊन घेतलें. बाहुलीकडून "मी बाहुली आहें" असें वदवून घेण्याचा हा प्रकार ! श्लेष अत्यंत चतुर आहे, ह्यांत शंका नाहीं. पण त्या चातुर्यांत थोडें क्रौर्यही आहे असें मला वाटल्यावांचून राहत नाहीं. गाणें ३२ गुण मिळवून पहिलें आलें. पुढें तें तिनें जर्मन, इटालियन, इतकेंच काय पण जपानी भाषेंतही म्हटलें.

त्या विजयाच्या रात्रीही आनंद निर्भेळ मिळाला नाहीं. क्लोद फ्रांस्वा नांवाच्या लोकप्रिय गायकाशीं तिचें तेव्हां प्रेम जडलेलें होतें. पहिलें बक्षीस मिळाल्यावर दूरध्वनीवर त्याच्याकडून अभिनंदन आलें नाहीं. तूं वाईट गाइलीस, असा शेरा आला, असें तिनेंच पुढें सांगितलें आहे. प्रेयसीचें यश सहन न होणारे पुरुष सर्व देशांत असतात. १९६७ मध्यें तें नातें तुटलें. त्या वियोगाच्या वेदनेंतून त्यानें सहकाऱ्यांच्या मदतीनें एक गाणें केलें. त्याची चाल घेऊन पॉल अँका ह्यांनीं नवे इंग्रजी शब्द बसविले, आणि फ्रँक सिनात्राच्या आवाजांतलें तें "माय वे" साऱ्या जगानें ऐकलें. त्या चालीच्या मुळाशीं एका तरुण मुलीचें निघून जाणें आहे, हें ऐकणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस माहीत असतें.

आतां हकीकतींतल्या सर्वांत अप्रिय भागाकडे वळणें प्राप्त आहे. १९६६ सालीं गेन्सबूरनें तिला "ले स्युसेत" हें गाणें दिलें. स्युसेत म्हणजे काडीवर बसविलेली, मुलें चोखतात ती साखरेची गोळी. बडिशेपेच्या गोळ्या आवडणाऱ्या एका मुलीचें साधें गाणें, असें अठरा वर्षांच्या ह्या गायिकेनें समजून घेतलें आणि निष्पाप चेहऱ्यानें तें म्हटलें. शब्दांच्या आड एक ओंगळ दुसरा अर्थ दडविलेला होता. तो येथें उकलून सांगण्याची आवश्यकता नाहीं; वाचकांनीं तर्कानें जाणावा. दूरचित्रवाणीवर गेन्सबूरनें तिला त्या गाण्यांत काय आहे असें विचारलें आणि तिनें बापडीनें गोळ्या आवडणाऱ्या मुलीची कथा सांगितली. तो चित्रभाग आजही पाहावयास मिळतो, आणि पाहतांना मान खालीं जाते. भोंवतालच्या मोठ्या माणसांस अर्थ समजत होता. ते हंसत होते. ती गात होती.

सत्य कळल्यावर तिला मरणप्राय लाज वाटली. तिनें स्वतःस घरांत कोंडून घेतलें. आपला विश्वासघात झाला, प्रौढांनीं आपला उपहास केला, ही जखम तिच्या मनांत वृद्धत्वापर्यंत ओली राहिली. येथें कोणी म्हणेल, फ्रेंच लोक असल्या बाबतींत सैलच. तिकडे ह्याचें काय एवढें? हा युक्तिवाद मला मुळींच पटत नाहीं. श्लेष हा काव्याचा अलंकार आहे, आपल्याकडेही शृंगारिक श्लेषाची परंपरा जुनी आहे. परंतु लावणी गाणारी कलावंतीण आपण काय गातों हें पुरतें जाणून असे. श्रोत्यांना हंसविणारी तीच असे. येथें हंसणें गाणारीवरच होतें. शिवाय मनांत एक प्रश्न राहतोच. वडील तर शब्दांच्या व्यापारांत मुरलेले पद्यकार; मुलीच्या धंद्याची देखरेख त्यांच्याकडे. शब्द त्यांच्या नजरेखालून गेले असतील तर त्यांना त्यांत कांहींच कसें खटकलें नाहीं ? आणि गेले नसतील, तर कां गेले नाहींत ?

तेथपासून उतरती कळा लागली. १९६७ मध्यें एखादें गाणें चाललें, पण लोकांची आवड पालटूं लागली होती; १९६८ च्या विद्यार्थ्यांच्या उठावानंतर तर "येय्ये" गाणीं म्हणजे पोरखेळ असें तरुणांस वाटूं लागलें. कालची लाडकी बाहुली आज अडगळींत पडली. जर्मनींत मात्र तिचा चाहतावर्ग होता, तिकडे तिनें जर्मन गाणीं म्हणून दिवस काढले. फिलिप्सशीं संबंध संपला; जी नवी कंपनी धरली ती थोड्याच काळांत बुडाली; दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तसें झालें. १९७२ मध्यें गेन्सबूरचीं दोन गाणीं पुन्हां घेऊन पाहिलीं, तींही पडलीं. पंचविशींतच "एके काळची गायिका" म्हणून घेण्याचा प्रसंग आला. ह्या सहासात वर्षांत तिनें काय काय म्हटलें त्याची यादी देण्यांत अर्थ नाहीं. लिहिणारे बदलत गेले, तिचें असें त्यांत फारसें कांहीं नव्हतें.

१९७३ सालीं तिनें नभोवाणीवर मिशेल बेर्जे ह्या तरुण संगीतकाराचें एक गाणें ऐकलें आणि ती थबकली. आपल्यासाठीं गाणीं लिहावयाचीं तर ह्यानेंच. नाहीं तर कोणी नको, असा तिनें मनाशीं निश्चय केला. सोळा वर्षांच्या मुलीस कोणी विचारलें नव्हतें. आतां विचारणारी तीच होती. बेर्जे तिच्याच वयाचा, १९४७ चाच. त्याचें मूळ आडनांव हांबुर्गे. पिता झां हांबुर्गे हे मूत्रपिंडविकारांचे जगद्विख्यात वैद्य. जिवंत नातलगाचें मूत्रपिंड रोग्यास बसविण्याचा फ्रान्समधील पहिला प्रयोग १९५२ च्या नाताळांत पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत झाला तो त्यांच्या नेतृत्वाखालीं. माता आनेत हास ही पियानोवादिका. असा हा विद्येच्या आणि कलेच्या घरांतला मुलगा प्रथम राजी नव्हता. "येय्ये" काळच्या गायिकेसाठीं आपण काय लिहावें असा त्याला संकोच होता. हळूहळू तो वळला. त्यानें काय केलें ? तिला पोरकट आवाज टाकावयास सांगितलें, आणि तिच्या वयाचें, तिला समजणारें, तिच्या स्वभावांतून निघालेलें असें लिहिलें. १९७४ मध्यें "ला देक्लारास्यों दामूर" म्हणजे प्रीतीची कबुली हें गाणें निघालें आणि लोकांनीं तिला नव्यानें ओळखलें. २२ जून १९७६ रोजीं त्या दोघांचा विवाह झाला.

त्यानंतरचीं पंधरा वर्षें हा तिच्या कीर्तीचा मध्यान्हकाळ. १९७८ मध्यें तिनें ज्या शांझेलिझे नाट्यगृहांत पंधरा वर्षांपूर्वी परीक्षा दिली होती तेथेंच स्वतःचे प्रयोग लावले, आणि साथीला सगळ्या स्त्रिया घेतल्या. त्या काळीं ही गोष्ट नवलाचीच होती. बेर्जेनें क्वेबेकचा कवि ल्युक प्लामोंदों ह्याच्यासह रचलेल्या "स्टार्मानिया" ह्या संगीतिकेंत तिनें १९७९ मध्यें काम केलें. १९८० मधलें उभ्यानें पियानो वाजविणाऱ्या माणसाचें गाणें, १९८१ मधलें "रेझिस्त", म्हणजे "झुंज दे", आणि १९८७ मधलें अमेरिकेची थोर कृष्णवर्णी गायिका एला फिट्झजेराल्ड हिच्या गौरवाचें "एला, एल ला" हीं तर घरोघरीं झालीं. शेवटचें जर्मनींतही पहिल्या क्रमांकावर गेलें. आवाजाविषयीं सांगावयाचें तर तो मोठा नव्हता. पियाफच्या आवाजासारखा तो अंगावर येत नसे. पण लयीवर नेमका बसे, आणि शब्द लखलखीत ऐकूं येत.

लोकांना जें दिसत होतें तें एवढें. घरांत काय चाललें होतें तें कोणास ठाऊक नव्हतें. १९७८ च्या नोव्हेंबरांत जन्मलेली थोरली मुलगी पोलीन हिला सिस्टिक फायब्रोसिस हा उपजत रोग असल्याचें निदान झालें. ह्या रोगांत फुप्फुसांतील आणि स्वादुपिंडांतील स्राव दाट, चिकट होतात. श्वासमार्ग वारंवार दूषित होतात, अन्न नीट पचत नाहीं. आईबाप दोघेंही धडधाकट, परंतु दोघांच्याही अंगीं सदोष जनुक सुप्त असेल तर प्रत्येक अपत्यास चारांतून एक अशा प्रमाणांत हा रोग होण्याचा संभव असतो. तो जनुक शास्त्रज्ञांनीं शोधून काढला १९८९ मध्यें. तोंवर ह्या मुलीचीं अकरा वर्षें होत आलीं होतीं. १९८१ मध्यें मुलगा झाला. मुलीचा आजार दोघांनीं जगापासून पूर्णपणें झांकून ठेवला. मुलीकडे कोणी कींव करून पाहूं नये, तिनें इतरांसारखें वाढावें, हा हेतु. रंगमंचावर उड्या मारीत "झुंज दे" म्हणणाऱ्या आईच्या मनांत कोण होतें, हें श्रोत्यांस उमगण्याचें कारण नव्हतें. लहानपणीं तिला गाण्याचा अर्थ ठाऊक नव्हता आणि ऐकणाऱ्यांस होता. आतां त्याच्या उलट झालें होतें.

१९८५ मध्यें इथिओपियांतील दुष्काळपीडितांसाठीं फ्रेंच गायकांनीं मिळून जें गाणें केलें त्यांत तीही होती. पुढें बेर्जे, ती आणि गायक दानियेल बालाव्वान ह्यांनीं शाळकरी मुलांकडून आफ्रिकेसाठीं धान्य जमविण्याची चळवळ चालविली. बालाव्वान १४ जानेवारी १९८६ रोजीं माली देशांत हेलिकॉप्टर कोसळून मरण पावला. खेडोपाडीं पाण्याचे पंप पोंचविण्याच्या कामासाठीं तो तिकडे गेलेला होता. सेनेगालमध्यें एका दरिद्री मातेनें आपलें तान्हें मूल तिच्या हातीं देऊं केलें : तुम्हीच ह्याला न्या. मूल तिनें नेलें नाहीं, त्या मातेस हातभार लावला, आणि त्या मुलाच्या नांवाचें "बाबाकार" हें गाणें बेर्जेनें लिहिलें. सेनेगालचा तिला इतका लळा लागला कीं डाकारजवळच्या न्गोर बेटावर तिनें घर केलें.

१९९२ च्या जूनमध्यें नवराबायकोंचा एकत्र असा संग्रह निघाला. दोघें प्रयोगांची तयारी करीत होतीं. २ ऑगस्ट रोजीं रामात्यूएल येथें टेनिस खेळून आल्यावर हृदयविकारानें बेर्जेचा अंत झाला. वय अवघें चव्वेचाळीस. ठरलेले प्रयोग सोडून द्यावेत असें कोणीही म्हटलें असतें. तिनें ते एकटीनें करावयाचें ठरविलें. पुढच्या वर्षीं स्तनाच्या कर्करोगाचें निदान झालें, उपचार झाले, तारखा पुढें गेल्या. आणि १९९३ च्या सप्टेंबरांत पॅरिसच्या बेर्सी सभागृहांत हजारों लोकांसमोर ती उभी राहिली. १९९६ मध्यें आणखी एक संग्रह काढला, त्याला आपलेंच नांव दिलें : "फ्रान्स". एके काळीं नको असलेलें तें नांव.

१९९७ च्या डिसेंबरांत पोलीन वारली. ती एकोणीस वर्षांची होती.

तेव्हांपासून तिनें गाणें सोडलें. दोन हजार सालीं जॉनी हालिडे ह्या मित्राच्या आग्रहावरून बेर्जेचें एक गाणें त्याच्याबरोबर म्हटलें, तो अपवाद. उपजीविकेची ददात नव्हती, कीर्तीची हांव उरली नव्हती; पतीच्या रचना नीट जपल्या जाव्यात एवढीच चिंता ती वाहत असे. २०१५ मध्यें "रेझिस्त" नांवाची संगीतिका तिनें रंगमंचावर आणली. बेर्जेनें तिच्यासाठीं लिहिलेलीं गाणीं नव्या तरुण मुलामुलींनीं त्यांत म्हटलीं. कर्करोगानें पुन्हां उचल खाल्ली, आणि ७ जानेवारी २०१८ रोजीं, सत्तर वर्षांची असतां, पॅरिसलगतच्या नयी येथील रुग्णालयांत ती निवर्तली. मोंमार्त्रच्या स्मशानभूमींत पति आणि कन्या ह्यांच्याजवळ तिला ठेवण्यांत आलें.

तिच्या मृत्यूच्या बातम्यांत नभोवाणीनें आणि वर्तमानपत्रांनीं प्रथम आठवण काढली ती नेपल्सच्या गाण्याचीच, मेणाच्या बाहुलीची. बेर्जेची भेट झाल्यावर स्वतःच्या प्रयोगांत तें गाणें तिनें घेतलें नाहीं. आणि संगीतिका रचतांना त्या तरुण मुलींच्या तोंडींही तें घातलें नाहीं.